ट्यूनिंग सॉफ्टवेअरमधून काढलेली पॉवर आणि टॉर्क: यात मोजलेलं किती, मानलेलं किती?

तिसरा_गिअर

रीमॅप केला (ईसीयू, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलले), एक्झॉस्ट बदलला किंवा नुसता एअर फिल्टर टाकला तरी पहिला प्रश्न ठरलेला: पॉवर किती वाढली? डायनो, म्हणजे पॉवर मोजायचं यंत्र, प्रत्येकाच्या हाताशी नसतो, लॅपटॉप आणि ओबीडीची (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटची) केबल मात्र असते. मग लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, काढायचा, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा आणि आलेख बघायचा. हा मार्ग मला मनापासून आवडतो, कारण त्यात गाडी समजत जाते. पण आलेखावरचा आकडा लोक ज्या खात्रीने सांगतात, तेवढी खात्री त्या आकड्यात नसते. या विषयावर एकदा सविस्तर बोलायला हवं होतं, म्हणून हा धागा.

सॉफ्टवेअर पॉवर मोजत नाही. ते हवा मोजतं, इंधन मोजतं किंवा गाडीचा वेग किती झपाट्याने वाढतोय ते मोजतं, आणि तिथून गणित करून पॉवरपर्यंत येतं. या प्रत्येक गणितात निदान एक आकडा असा असतो जो सेन्सरकडून आलेला नसतो. तो तुम्ही भरलेला असतो, नाहीतर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने. तुमच्या गणितात तो आकडा कोणता, हे शोधणं हेच खरं काम आहे.

आधी एकके, कारण निम्मे वाद तिथेच होतात. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घेऊन आरपीएमने गुणा आणि ९५४९ ने भागा, की किलोवॅट मिळतात. ७०२४ ने भागलं तर पीएस. टॉर्क पाउंड-फुटात असेल तर ५२५२ ने भागून एचपी. पीएस म्हणजे ७३५.५ वॅट आणि एचपी म्हणजे ७४५.७ वॅट, त्यामुळे तेच इंजिन पीएसमध्ये जवळजवळ दीड टक्का जास्त दिसतं. पॉवर आणि टॉर्कच्या रेषा ५२५२ आरपीएमला एकमेकींना छेदतात हे फक्त एचपी आणि पाउंड-फूट एकाच मापाच्या अक्षावर काढले तरच खरं. तसा आलेख कुणी दाखवला आणि रेषा भलतीकडेच छेदत असतील, तर तो आलेख बाजूला ठेवावा.

आता एक उदाहरण धरू आणि तेच शेवटपर्यंत वापरू. १.५ लिटरचं टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, ५५०० आरपीएम, थ्रॉटल पूर्ण उघडा.

पहिली वाट हवेची. मॅफ (आत जाणारी हवा मोजणारा) सेन्सर असेल तर हवा थेट ग्रॅम प्रति सेकंदात मिळते. नसेल तर मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीचा) दाब आणि हवेचं तापमान यांवरून काढायची. दाब ९८ किलोपास्कल आणि हवा ४० अंश असताना १.५ लिटर जागेत १.६४ ग्रॅम हवा मावते. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी, म्हणजे त्यातली किती हवा खरोखर आत भरते ते प्रमाण, ९५ टक्के धरली तर दर चक्राला १.५५ ग्रॅम. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे ५५०० आरपीएमला सेकंदाला ४५.८ वेळा. गुणाकार केला की ७१ ग्रॅम प्रति सेकंद. फुल थ्रॉटलला हवा-इंधनाचं मिश्रण १२.५ ला १ असेल तर इंधन ५.७ ग्रॅम प्रति सेकंद, तासाला २०.५ किलो.

इथपर्यंत ठीक. आता २०.५ किलो पेट्रोलमधून पॉवर किती निघेल? त्यासाठी बीएसएफसी लागतो, म्हणजे एक किलोवॅट-तासाला किती ग्रॅम इंधन लागतं तो आकडा. ३०० धरला तर ६८ किलोवॅट, ९३ पीएस. २८० धरला तर ७३ किलोवॅट, जवळजवळ १०० पीएस. गाडी तीच, लॉग तोच, आणि ७ पीएसचा फरक केवळ आपण काय धरलं त्यामुळे. 'ग्रॅम प्रति सेकंदाला १.३ ने गुणा' हा जो सोपा नियम सगळीकडे फिरतो, त्याच्या पोटात हेच १२.५ आणि ३०० दडलेले आहेत.

दुसरी वाट इंजेक्टरची. १८० सीसी प्रति मिनिटचे चार इंजेक्टर, पल्स १४.९ मिलिसेकंद, त्यातला साधारण १ मिलिसेकंद इंजेक्टर उघडण्यातच जातो. उरले १३.९. ५५०० आरपीएमला एक चक्र २१.८ मिलिसेकंदांचं. म्हणजे इंजेक्टर ६४ टक्के वेळ उघडा, मिनिटाला ४५९ सीसी, आणि पेट्रोलची घनता ०.७४५ धरली की पुन्हा तासाला २०.५ किलो. हवा आणि इंधन या दोन वाटा अशा जुळल्या तर मॅफ आणि इंजेक्टर खोटं बोलत नाहीत एवढं कळतं. पॉवर मात्र अजूनही बीएसएफसीवरच अडकलेली राहते.

तिसरी वाट रस्त्याची, आणि माझा सर्वांत जास्त विश्वास हिच्यावर आहे. व्हर्च्युअल डायनोसारखी सॉफ्टवेअर किंवा रोमरेडरमधला डायनोचा टॅब हेच करतो. गाडी एकाच गिअरमध्ये फुल थ्रॉटलवर ओढायची, आरपीएम किती वेगाने चढतं ते बघायचं. गिअर रेशो आणि टायरचा घेर माहीत असला की त्यावरून वेग आणि त्वरण दोन्ही निघतात. आपल्या उदाहरणात तिसरा गिअर १.३, फायनल ड्राइव्ह ४.१, टायरची त्रिज्या ०.३० मीटर, तर ५५०० आरपीएमला वेग सेकंदाला ३२.४ मीटर, म्हणजे ताशी ११७ किलोमीटर. (म्हणून ही चाचणी बंद ट्रॅकवरच करायची आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात द्यायचा. यात कसलीही सूट नाही.)

माणसांसह वजन १२०० किलो. चाकं, फ्लायव्हील, शाफ्ट यांनाही फिरवावं लागतं, त्यापोटी १० टक्के वाढवून १३२०. त्या क्षणी त्वरण १.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे गाडी ढकलायला १४५२ न्यूटन, टायरच्या घर्षणाला साधारण १५३ आणि हवेच्या विरोधाला ४३६. बेरीज २०४१ न्यूटन, गुणिले ३२.४, म्हणजे ६६ किलोवॅट. चाकांवर ९० पीएस.

इथेही मानलेले आकडे आहेतच, पण ते पडताळून पाहता येतात. वजन काट्यावर करता येतं, टायरचा घेर टेपने मोजता येतो. बीएसएफसी घरी मोजता येत नाही. तिसऱ्या वाटेवर माझा भर आहे तो यासाठी.

कुठल्या चुकीचा किती फटका बसतो तेही याच उदाहरणावर काढून ठेवलं आहे. वजनात १०० किलोची चूक: जवळजवळ ६ पीएस. रस्त्याला एक टक्का चढ, म्हणजे डोळ्याला जाणवणारही नाही असा: ५ पीएस. ताशी १० किलोमीटरचा समोरचा वारा: साडेतीन पीएस. टायरचा घेर २ टक्के चुकला तर ४ पीएस. एअर फिल्टरने वाढणारी पॉवर यातल्या कुठल्याही एका चुकीत सहज बुडते.

मेकॅनिकल_मन

फार कामाचा धागा. माझ्याकडे साधा ब्लूटूथवाला ईएलएम३२७ ओबीडी अडॅप्टर आहे. लॉग काढला की आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतो. स्मूदिंग पूर्ण वाढवलं की सुंदर दिसतो, पण मग पीक पॉवर कमी होते. नक्की कुठे थांबायचं?

तिसरा_गिअर

स्मूदिंगला हात लावण्याआधी लॉग सुधारा. ईएलएम३२७ एका वेळी एकच प्रश्न ईसीयूला विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. तुम्ही दहा चॅनल निवडले असतील तर प्रत्येकाची पाळी फार उशिरा येते. रस्त्याच्या वाटेसाठी फक्त आरपीएम आणि थ्रॉटल एवढेच ठेवा.

वेगाचं चॅनल तर घेऊच नका. ओबीडीवर वेग ताशी १ किलोमीटरच्या पायऱ्यांनी येतो. आपल्या उदाहरणात वेग सेकंदाला सुमारे ४ किलोमीटरने वाढतोय, म्हणजे आकडा पाव सेकंद जागचा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. त्याचं त्वरण काढलं की तुमचे करवतीचे दाते तयार. आरपीएम पाव फेऱ्यापर्यंत बारीक येतं. तिथूनच वेग काढायचा.

स्मूदिंगचं म्हणाल, तर दोन लॉगांची तुलना करताना ते दोन्हींना सारखंच ठेवा. आधीच्या लॉगला ५ आणि नंतरच्याला ३ लावलं तर काहीही न बदलता पॉवर 'वाढते'.

नकाशे_वाचक

यात चौथी वाट जोडतो, कारण बरेच जण तीच वापरतात आणि तिचं स्वरूप वेगळं आहे: ईसीयू स्वतःच सांगत असलेला टॉर्क.

ओबीडीच्या मानकात षोडशमान पद्धतीचे ६१, ६२ आणि ६३ असे तीन पीआयडी (ईसीयूकडे मागायच्या आकड्यांचे क्रमांक) आहेत. ६१ म्हणजे चालकाने मागितलेला टॉर्क, ६२ म्हणजे प्रत्यक्ष टॉर्क, दोन्ही टक्क्यांत. ६३ म्हणजे संदर्भ टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये. ६२ च्या टक्केवारीने ६३ ला गुणलं की टॉर्क, त्याला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट. सगळ्याच गाड्या हे पीआयडी देत नाहीत. देत असतील तर मोह होतो, कारण आकडा अगदी स्वच्छ येतो, कुठे दाते नाहीत की थरथर नाही.

पण तो इतका स्वच्छ का येतो? क्रँकशाफ्टवर टॉर्क मोजणारा सेन्सर रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये सहसा नसतोच. ईसीयूच्या आत नकाशे, म्हणजे आकड्यांचे तक्ते, असतात. बॉशच्या एमई७ चं उदाहरण घ्या, १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही टॉर्कवर बेतलेली रचना. त्यात केएफएमआयओपी नावाचा नकाशा सांगतो की इतक्या आरपीएमला इतका लोड (सिलिंडर हवेने किती भरला ते) असेल आणि इग्निशन अगदी योग्य जागी असेल तर टॉर्क किती टक्के. केएफएमआयआरएल उलट दिशेचा: इतका टॉर्क हवा असेल तर लोड किती लागेल. ईसीयू पहिल्या नकाशातून आकडा उचलतो, इग्निशन मागे असेल त्या मानाने कमी करतो, घर्षण आणि पंपिंग वजा करतो आणि तुम्हाला टॉर्क म्हणून देतो. हे नकाशे कारखान्यात इंजिन ब्रेक-डायनोवर बसवून भरलेले असतात, त्यामुळे स्टॉक गाडीवर हा आकडा चांगलाच जवळ असतो. माझ्या मते स्टॉक पेट्रोल गाडीवर तो बीएसएफसी धरून काढलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा आहे.

रीमॅप झाल्यावर मात्र कथा बदलते. ट्यूनरला जास्त बूस्ट (टर्बोचा दाब) हवा असतो, पण टॉर्कच्या मर्यादा आड येतात. मग तो केएफएमआयओपीमधले आकडे खाली ओढतो, म्हणजे जास्त लोडलाही ईसीयूला टॉर्क कमीच वाटावा. गाडी खरोखर जोरात पळते आणि ६२ नंबरचा पीआयडी मात्र जुनाच आकडा दाखवत राहतो. उलटही होतं: नकाशा वरच्या दिशेला ताणला आणि लोड तेवढाच राहिला तर कागदावर टॉर्क वाढतो, रस्त्यावर काहीच नाही. विनओएलएस किंवा ट्यूनरप्रो या नकाशे उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी आणि नवी फाइल शेजारी उघडून हे नकाशे बदललेत का ते बघितल्याशिवाय रीमॅपनंतरचा हा टॉर्क कुणी पुरावा म्हणून मांडू नये.

डिझेलगाडी

माझी दोन लिटरची टर्बो डिझेल. मॅफ × १.३ केलं तर जो आकडा येतो तो पाहून कंपनीच लाजेल, इतका मोठा. सेन्सर बिघडलाय का?

इंधनरेषा

सेन्सर बरोबर असेल, सूत्र चुकीचं आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं प्रमाण जवळजवळ बांधलेलं असतं, म्हणून हवेवरून पॉवर काढता येते. डिझेलमध्ये हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते आणि पॉवर ठरते ती किती डिझेल फवारलं त्यावरून. तुम्ही लॉगमध्ये इंजेक्शन क्वांटिटी शोधा, मिलिग्रॅम प्रति स्ट्रोकमध्ये मिळते.

समजा चार सिलिंडर, २००० आरपीएम, ५० मिलिग्रॅम. मिनिटाला ४००० फवारे, २०० ग्रॅम, तासाला १२ किलो. चांगल्या डिझेलचा बीएसएफसी या भागात २१० च्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणजे ५७ किलोवॅट आणि टॉर्क २७३ न्यूटन-मीटर. आरपीएम वाढेल तसा बीएसएफसीही बिघडतो, म्हणून हाच २१० घेऊन ४००० ला पीक पॉवर काढायला जाऊ नका.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. ही क्वांटिटीसुद्धा ईसीयूची समजूत आहे. रेल प्रेशरचा (इंजेक्टरआधीच्या डिझेलच्या दाबाचा) सिग्नल खोटा करणारा बॉक्स लावला असेल तर ईसीयूला वाटतं दाब कमी आहे, तो दाब वाढवतो, प्रत्यक्षात डिझेल जास्त जातं आणि लॉगमध्ये मात्र जुनेच ५० मिलिग्रॅम. इंजेक्शनच्या कालावधीचा नकाशा ताणून केलेल्या रीमॅपमध्येही हेच होतं. अशा गाडीला रस्त्याची वाट किंवा डायनो, तिसरा पर्याय नाही.

डिझेलगाडी

बॉक्स आहे. कळलं.

रोलर_आणि_ब्रेक

तिसरा_गिअर, मांडणी पटली, पण पुढचा प्रश्न तुम्ही सोडून दिलात. चाकांवर ९० पीएस आले. क्रँकवर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडताना, किती? बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये '१५ टक्के लॉस' असा आकडा आधीच भरलेला असतो आणि लोक तो तसाच ठेवतात. १५ ने १०६ येतात, १० ने १००. कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा आपली गाडी जास्त निघावी असं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून १५ लोकप्रिय आहे.

गिअरबॉक्समधला तोटा ठरावीक टक्के नसतो. एक भाग तेल घुसळण्यात जातो, तो वेगावर अवलंबून. दुसरा भाग दात्यांच्या घर्षणात, तो टॉर्कबरोबर वाढतो. म्हणून ९० ची गाडी टर्बो लावून १५० ची केली तर तोटाही त्याच टक्केवारीने वाढेल असं समजणं चुकीचं. टक्केवारी तीच ठेवली की क्रँकचा आकडा फुगतो.

महा (MAHA) कंपनीच्या डायनोंसारख्या काही रोलर डायनोंवर याचा चांगला उपाय असतो. ओढणं संपलं की क्लच दाबून चाकं आपोआप मंदावू देतात आणि तो विरोध मोजतात. रस्त्यावरही न्यूट्रलमध्ये गाडी मंदावू देऊन असंच करता येतं. त्यातून टायर आणि हवेचा विरोध दोन्ही निघतात, म्हणजे कुठल्याशा यादीतला सीडी (हवेच्या विरोधाचा गुणांक) आणि अंदाजे क्षेत्रफळ भरायची गरज उरत नाही. कमी वेगाला जवळजवळ सगळा विरोध टायरचा असतो, जास्त वेगाला हवा वरचढ होते, त्यावरून दोन्ही वेगळे करता येतात.

अजून एक: रस्त्यावरचे चाकांचे पीएस आणि रोलरवरचे चाकांचे पीएस एकमेकांना लावून पाहू नका. दोन लहान रोलरांमध्ये टायर जास्त दबतो, जास्त तापतो, त्याचा तोटा सपाट रस्त्यापेक्षा मोठा असतो. हब डायनो तर चाकं काढून जोडतात, तिथे टायरच नसतो.

तिसरा_गिअर

पूर्ण सहमत. म्हणूनच मी क्रँकचा आकडा लिहिला नाही. मी माझ्या नोंदीत कायम चाकांवरची पॉवरच लिहितो.

उंचावरचा

मी समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर राहतो, त्यामुळे करेक्शन फॅक्टरचा (हवेचा दाब आणि तापमान बघून पॉवर ज्याने गुणतात त्या आकड्याचा) प्रश्न माझ्यासाठी रोजचा. सॉफ्टवेअरमध्ये एसएई आणि एसटीडी असे दोन पर्याय दिसतात. टर्बो गाडीला कोणता?

रोलर_आणि_ब्रेक

एसएई जे१३४९ म्हणजे २५ अंश आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेत ही पॉवर किती असती त्याचा अंदाज. जुना एसटीडी साडेपंधरा अंशांची थंड आणि जास्त दाबाची हवा धरतो, त्यामुळे तोच लॉग सुमारे ४ टक्के जास्त दाखवतो. आधीचा आलेख एसएईमध्ये आणि नंतरचा एसटीडीमध्ये दाखवून रीमॅप विकल्याचं मी पाहिलं आहे. आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं.

आता उंची. साधारण १५०० मीटरवर दाब ८४ किलोपास्कलच्या आसपास येतो. हवा ३० अंश असेल तर एसएईचं सूत्र १.२२ देतं, म्हणजे मोजलेल्या पॉवरला २२ टक्के बोनस. टर्बो नसलेल्या इंजिनाला हे साधारण लागू पडतं, कारण त्याला खरोखरच तेवढी हवा कमी मिळाली. टर्बो गाडीत ईसीयू मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब ठरवलेला असेल तिथपर्यंत नेतो, टर्बो थोडा जास्त फिरवून का होईना. तिथे हवा फारशी कमी झालेलीच नसते. तिला २२ टक्के वाढवून लिहिणं म्हणजे न झालेल्या नुकसानीची भरपाई. टर्बो गाडीला माझ्या मते करेक्शन बंद ठेवा आणि लॉगसोबत दाब, तापमान लिहून ठेवा.

सीव्हीटी_चालक

सीव्हीटीसाठी यातलं काय चालेल?

तिसरा_गिअर

आरपीएमवरून वेग काढायची युक्ती चालणार नाही, कारण रेशो सतत बदलतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकलाही लॉक-अप लागलेला नसेल तर हाच त्रास. सेकंदाला दहा किंवा जास्त नोंदी देणारा जीपीएस घ्या, त्याचा वेग वापरा आणि आरपीएम फक्त आडव्या अक्षासाठी ठेवा. सीव्हीटी फुल थ्रॉटलला आरपीएम जवळजवळ एका जागी धरून ठेवतो, त्यामुळे टॉर्कचा पूर्ण आलेख मिळणार नाही. त्या आरपीएमची पॉवर मात्र मिळेल.

इंधनरेषा

पेट्रोलवाल्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या आहेत.

इथेनॉल मिसळलेलं इंधन असेल तर इंजेक्टरच्या वाटेने पॉवर फुगते. इथेनॉलमध्ये किलोमागे ऊर्जा कमी, म्हणून इंजेक्टर जास्त वेळ उघडा राहतो, आणि जुनाच बीएसएफसी ठेवला तर सॉफ्टवेअरला वाटतं इंजिन ताकदवान झालं. हवेची वाट इथे जास्त स्थिर आहे. पेट्रोलला किलोमागे १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९, पण एक किलो हवा पूर्ण वापरली की दोन्हींतून जवळजवळ सारखीच ऊर्जा सुटते, ३ मेगाज्यूलच्या जरा आत. इंधनाबद्दल शंका असेल तर हवेवरून काढा.

दुसरी गोष्ट इग्निशनची. हवा आणि इंधन दोन्ही वाटा इग्निशनच्या बाबतीत आंधळ्या आहेत. नॉक सेन्सरने ठोके ऐकले, ईसीयूने टायमिंग ६-८ अंश मागे घेतलं, तरी हवा तेवढीच आत जाते. मॅफवरची पॉवर जशीच्या तशी आणि गाडी मात्र सुस्त. म्हणून लॉगमध्ये टायमिंग आणि नॉक रिटार्ड घ्याच. रस्त्याची वाट आणि हवेची वाट यांच्यात अचानक अंतर पडलं तर मी आधी तिथेच बघतो. गरम हवेत, हलक्या इंधनावर, बूस्ट वाढवलेल्या गाडीत हे अंतर म्हणजे इंजिनाने दिलेली धोक्याची सूचना आहे. अशा वेळी पॉवरचा विचार सोडून आधी टायमिंग आणि बूस्ट खाली आणावेत.

मेकॅनिकल_मन

धाग्यात सांगितल्याप्रमाणे लॉग पुन्हा काढले. गाडी उदाहरणासारखीच, १.५ पेट्रोल. बदल एकच, तेल लावलेला कॉटनचा एअर फिल्टर. रिकामा सपाट ट्रॅक, दोन्ही दिशांना, तिसरा गिअर, टाकीत सारखंच पेट्रोल, दोन्ही वेळा आत येणारी हवा ३८ अंश.

जुना फिल्टर: ५५०० ला मॅफ ७१ ग्रॅम, रस्त्यावरून चाकांवर ९० पीएस.
नवा फिल्टर: ५५०० ला मॅफ ७५ ग्रॅम, रस्त्यावरून ९०.५ पीएस.

मॅफवर गणित केलं तर ५ पीएस वाढले, रस्त्यावर अर्धा. फिल्टर विकणाऱ्याचा दावा मॅफच्या बाजूचा आहे. कुणाचं खरं? आणि हो, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने शिकून केलेली इंधनाची टक्क्यांतली दुरुस्ती) आधी अधिक १ होता, आता उणे ५ दाखवतोय. त्याचा संबंध आहे का?

नकाशे_वाचक

ट्रिम हेच उत्तर आहे. मॅफने ७१ चे ७५ केले, म्हणजे साडेपाच टक्के वाढ. ट्रिम अधिक १ वरून उणे ५ वर आला, म्हणजे ईसीयू आता आधीपेक्षा ६ टक्के इंधन कापतोय. दोन्ही जवळजवळ समान आहेत. हवा खरोखर वाढली असती तर तिच्यासोबत इंधनही वाढलं असतं आणि ट्रिम जागचा हलला नसता. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा ओ२ सेन्सर सांगतोय की मॅफ म्हणतो तेवढी हवा आत येतच नाही.

असं व्हायची दोन संभाव्य कारणं. फिल्टरचं तेल मॅफच्या तारेवर बसतं, किंवा नव्या फिल्टरमुळे नळीतला हवेचा प्रवाह बदलतो आणि तारेच्या नेमक्या जागी वेग वेगळा पडतो. नळीचा व्यास बदलला तरी हेच. ७० मिलिमीटरच्या जागी ७४ ची नळी बसवली तर क्षेत्रफळ जवळजवळ १२ टक्के वाढतं, त्याच हवेचा वेग कमी होतो आणि मॅफ कमी वाचतो. मग ट्यूनर मॅफचा स्केल वाढवतो, आकडा पूर्वीवर येतो आणि कुणीतरी तीच वाढ पॉवर म्हणून मांडतो.

तिसरा_गिअर

मेकॅनिकल_मन, उत्तम लॉग आहेत. एकच गोष्ट बदलून बाकी सगळं सारखं ठेवलंत म्हणूनच हे दिसलं. माझं वाचन: या फिल्टरने तुमच्या गाडीत मोजता येईल एवढी पॉवर वाढलेली नाही. अर्धा पीएस हा एक टक्का चढाने पडणाऱ्या फरकाच्या दहाव्या भागाइतका आहे, त्यावर काही बोलता येत नाही.

फुल थ्रॉटलला ईसीयू बऱ्याचदा ओ२ सेन्सरकडे न बघता मॅफवर विसंबून इंधन देतो, शिकलेला ट्रिम तिथे लावायचा की नाही हे गाडीगाडीवर ठरतं. तुमच्या गाडीत लावत नसेल तर आता फुल थ्रॉटलला मिश्रण ५ टक्के जास्त श्रीमंत (इंधन जास्त असलेलं) चाललंय. वाइडबँड (मिश्रण नेमकं मोजणारा ओ२ सेन्सर) असेल तर तेवढं बघून घ्या.

मॅफ क्लीनरने तार साफ करा, हात किंवा कापड लावू नका. फिल्टरवरचं जास्तीचं तेल टिपून घ्या. मग काही दिवस साधी गाडी चालवा, ट्रिम स्थिरावू द्या आणि पुन्हा लॉग काढा. ट्रिम शून्याजवळ परतला तर दोष तेलाचा होता. उणे ५ वरच राहिला तर प्रवाहाचा आहे, आणि मग जुना फिल्टर परत बसवून तिसरा लॉग काढावा लागेल.

मेकॅनिकल_मन

जुना फिल्टर ठेवलाय. या रविवारी तार साफ करतो, पुढच्या आठवड्यात लॉग इथेच टाकतो. टायमिंग आणि नॉकचं चॅनल वेगळ्या फेरीत घेईन, म्हणजे आरपीएमच्या नोंदी विरळ होणार नाहीत.